बाई, रोज मीच फुटायचं का? : तोकुसात्सु मालिका बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुखवटे घातलेल्या हिरो-राक्षसांच्या मालिका, म्हणजे तोकुसात्सु, बनवणाऱ्या तोएई आणि त्सुबुराया या दोन घराण्यांतले निर्माते, लेखक, दिग्दर्शक आणि मुखवट्याच्या आत घाम गाळणारे कलाकार,
टोकियो, जपान.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. गाव ऊसपट्ट्यातलं. दिवाळी झाली की कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात आणि माझ्या पटावर चार-पाच हंगामी पोरं वाढतात. गेल्या हंगामात त्यांतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. हे पत्र त्याच्यामुळे लिहितेय.

आमची पोरं मधल्या सुट्टीत पूर्वी लगोरी, नाहीतर विटीदांडू खेळायची. आता 'फायनल' खेळतात. एकजण हिरो, एकजण राक्षस. हिरो कमरेवर हात मारतो, हिरोचं रूप बदलणाऱ्या पट्ट्यातून येणारं संगीत तोंडाने वाजवतो, दोन पावलं मागे जातो, धावत येऊन उडी मारतो आणि लाथ हवेतच आवरतो. लाथ लागू द्यायची नाही, एवढं पोरांनी आपसात ठरवलेलं आहे. मग राक्षसाने गिरकी घ्यायची, हात पसरायचे, तोंडाने मोठा आवाज काढायचा आणि धुळीत पडायचं. याला ती 'फुटणं' म्हणतात. तो पडत असताना हिरो पाठमोरा उभा राहतो, वळून बघत नाही. ती पाठ फिरवायची ढब पोरांनी इतकी हुबेहूब उचललीय, की ती कुठून आली हे मला विचारावं लागलं नाही.

दोन आठवडे मी व्हरांड्यातून हा खेळ बघत होते. हिरो रोज नवा असायचा. राक्षस मात्र तोच, बीडचा मुलगा. त्याची बोली वेगळी, दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी, आणि आई-बाप पहाटे तीनला फडात गेलेले, त्यामुळे केस विंचरायला कुणी नाही. एवढं राक्षस व्हायला पुरलं. एक दिवस सुट्टी संपल्याची घंटा झाली, सगळे आत आले, हा सगळ्यांच्या मागून आला. टेबलापाशी थांबला. रडत नव्हता, तक्रारही करत नव्हता. खेळाचा नियम विचारावा तसं त्यानं विचारलं, "बाई, रोज मीच फुटायचं का?"

मला काही सुचलं नाही. मी त्याच्या केसांतली माती झटकली आणि जागेवर बस म्हणाले.

तो खेळ तुमच्याकडून आला आहे, म्हणून त्याचा प्रश्न तुमच्याकडे पाठवतेय.

तुमच्याविषयी मला राग नाही. उलट तुमचं माझं नातं माझ्या लहानपणापासूनचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. मित्सुतेरु योकोयामांची ती गोष्ट, तोएईने १९६७-६८ मध्ये पडद्यावर आणलेली. आमच्याकडे ती वीसेक वर्षांनी पोहोचली, पण आम्हाला शिळी वाटली नाही. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्या घरच्या काकूंकडे आम्ही पंचवीस पोरं दारात चपला टाकून आत घुसायचो. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोटला हाक मारणारा तो मुलगा! आम्ही बॉलपेनने मनगटावर घड्याळं काढली होती आणि आंघोळीला पाणी लागू नये म्हणून हात वर धरायचो. शेवटच्या भागात तो लोखंडी रोबोट कुणी हुकूम न करता, आपल्या मनाने, शत्रूला कवटाळून आकाशात जातो आणि उल्केवर आदळून संपतो. खाली मुलगा हाका मारत राहतो. त्या दिवशी काकूंच्या घरात कुणी बोललं नाही. त्या मालिकेत शाळकरी मुलाच्या हातात पिस्तूल दिलं होतं, हे मला फार पुढे, शिक्षिका झाल्यावर खटकलं. पण शेवटचा तो स्फोट अजून आठवतो, कारण त्या स्फोटात आमचं कुणीतरी गेलं होतं.

मारामारी दाखवूच नका असं म्हणायला मी आलेली नाही. आम्ही नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात कारीट ठेवून अंगठ्याखाली फोडतो, तो नरकासुर म्हणून. त्याचा कडू रस जिभेला लावतो. दिवाळीत किल्ले बांधणारी, अफजलखानाच्या वधाचा पोवाडा पाठ असणारी माझी पोरं तुमची लाथ बघून बिघडतील, असं मी मानत नाही. माझं म्हणणं त्या लाथेच्या नंतरच्या क्षणाविषयी आहे.

तुमचा राक्षस फुटतो. मरतो असं म्हणता येत नाही, फुटतोच. ठिणग्या उडतात, ज्वाळेचा लोळ उठतो, आणि जिथे तो उभा होता तिथे काहीच उरत नाही. प्रेत नाही, रक्त नाही, उचलायला कुणी नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमात प्रेत दाखवायला नको म्हणून ही सोय झाली असावी, हे मला समजतं. पण त्या सोयीचा दुसराही परिणाम झाला. ज्याचं प्रेत नाही त्याचा शोक नाही. त्याचं कोण होतं, तो कुठून आला होता, हे विचारायला जागाच उरत नाही. चाळीस-पन्नास आठवडे, दर आठवड्याला एक, असे फुटलेल्यांचा हिशेब कुठे ठेवला जात नाही.

तुमच्या वडीलधाऱ्यांनी मात्र तो ठेवला होता.

१९६६ च्या 'अल्ट्रामॅन'मध्ये, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय हिरोच्या त्सुबुरायाच्या मालिकेत, जमिला नावाचा राक्षस आहे. मुळात तो माणूस, अंतराळवीर. त्याचं यान पाण्याचा थेंब नसलेल्या ग्रहावर पडलं, त्याच्या देशाने बदनामी नको म्हणून ती गोष्ट दडपली, आणि तिथल्या तहानेने त्याचा राक्षस झाला. सूड घ्यायला तो परत येतो. वरून हुकूम येतो की तो कोण होता हे जगाला कळू देऊ नका, राक्षस म्हणूनच मारा. अल्ट्रामॅन त्याला मारतो ते पाण्याने. ज्या पाण्यासाठी तो तडफडला, त्याच पाण्याचा फवारा अंगावर घेत तो चिखलात लोळतो, लहान बाळासारखा रडतो. इथे स्फोट नाही. शेवटी त्याच्या नावाने गौरवाचा फलक लावतात आणि राक्षसांशी लढणाऱ्या पथकातला एकजण तो वाचून म्हणतो, बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी शब्दच तेवढे सुंदर येतात. मामोरु सासाकींनी लिहिलेला आणि अकिओ जिस्सोजींनी दिग्दर्शित केलेला हा भाग मी चाळिशी ओलांडल्यावर पाहिला आणि रात्री झोपले नाही.

त्याच मालिकेचा पस्तिसावा भाग त्याहून साधा आणि मला त्याहून प्रिय. अंतराळात राक्षसांचं स्मशान सापडतं. आपण मारलेले सगळे तिथे तरंगत असतात. ते कळल्यावर पृथ्वीवरचं पथक काय करतं? मारलेल्या राक्षसांचे फोटो मांडून, भिक्षू बोलावून त्यांचं श्राद्ध घालतं. हो, मी श्राद्धच म्हणणार. आणि ज्याच्या आत अल्ट्रामॅन आहे तो हायाता बाजूला जाऊन मनातल्या मनात त्यांची क्षमा मागतो. त्या भागातला सीबोझू नावाचा राक्षस कुणाला मारायला आलेलाच नाही. तो चुकून खाली पडलाय आणि त्याला परत आपल्या स्मशानात जायचंय. पंचवीस मिनिटं अल्ट्रामॅनची धडपड एवढीच, की या रडक्या हाडांच्या सापळ्याला घरी पोहोचवायचं.

सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच घराण्याने 'रेडमॅन' केला. सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात पाच-पाच मिनिटांचे १३८ तुकडे. माळरान, जुन्या मालिकांतले झिजलेले राक्षसांचे पोशाख, आणि तांबडा हिरो. कथा जवळजवळ नाहीच. कित्येक भागांत राक्षस काहीच करत नसतो, नुसता उभा असतो. रेडमॅन येतो, आरोळी ठोकतो, पाठलाग करतो, सुरा खुपसतो, कड्यावरून ढकलतो आणि पुढच्याकडे वळतो. २०१६ मध्ये हे भाग तुमच्या यूट्यूब वाहिनीवर आले तेव्हा जपानी प्रेक्षकांनीच त्याला रस्त्यात दिसेल त्याला भोसकणाऱ्या माथेफिरूचं नाव दिलं. जगभर लोक हसले. मी हसू शकले नाही. माझ्या भाच्याने मला ते कौतुकाने दाखवले, तेव्हा मी विचारलं, "त्या राक्षसाने काय केलं होतं रे?" तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "काही नाही. उभा होता."

स्वस्तात, घाईत, जुनं सामान वापरून केलेलं ते काम होतं, त्यामागे काही क्रूर हेतू होता असं मी म्हणत नाही. पण कथा काढून घेतली की हिरोचं काय उरतं, हे त्यातून लख्ख दिसतं. फोनवर आज तुमच्या सगळ्याच मालिकांचा असा 'रेडमॅन' होतोय. कुणीतरी चाळीस सेकंदांची लढाई कापतं, खाली ढोल लावतं, आणि ती माझ्या वर्गापर्यंत येते. मागचं पुढचं काही येत नाही.

तोएईच्या 'कामेन रायडर' मालिकांतला हिरो पट्टा लावून मुखवटाधारी योद्धा होतो. त्यांतल्या 'कूगा'चंच बघा. सन २००० ची मालिका, रविवारी सकाळी लागणारी. ग्रोंगी नावाची जमात माणसं मारण्याचा खेळ खेळते, गुण मोजत. त्यांच्यातला एक, जाराजी, शाळकरी मुलांच्या मेंदूत बारीक सुया सोडतो. सुई काही दिवसांनी वाढते आणि मूल मरतं. तोवर त्या मुलाला आपण मरणार हे माहीत असतं. भीतीने जीव देण्यापर्यंत पोरं जातात. एका मुलाच्या अंत्यविधीत रडणारी आई पाहिल्यावर नायक युसुके गोदाई, जो एरवी अंगठा वर करून सगळ्यांना हसवतो, तो भान हरपून जाराजीला मारतो. ठोसा, परत ठोसा, पडलेल्याला उचलून ठोसा. मग तलवारीचे वार. तेवढे तुकडे फोनवर 'सर्वांत क्रूर' म्हणून फिरतात, आणि खाली शाबासकी. मूळ भागात शाबासकी देणारं कुणी नाही. गोदाईला स्वतःच्या आत काळ्या डोळ्यांचं काहीतरी उभं राहिलेलं दिसतं आणि तो घाबरतो. त्याचा मित्र असलेला पोलीस अधिकारी इचिजो त्याच्याकडे बघतो ती नजर तुम्ही फार जपून टिपलीय.

आणि शेवटची लढाई! बर्फाच्या डोंगरावर दोघं एकमेकांना ठोसे मारताहेत. मुखवटे गळून पडतात, दोन माणसं उरतात, तोंडातून रक्त येतंय. एकजण हसतोय, कारण त्याला यातच मजा आहे. आपला माणूस मारतो आणि रडतो, मारतो आणि रडतो. त्याआधी इचिजोने त्याला सांगितलेलं असतं की, तुला या वाटेला लावायला नको होतं, तू नुसता भटकत राहायला हवा होतास. त्याच्या पुढचा, मालिकेचा अखेरचा भाग, पूर्णपणे मारामारीविना आहे. हिरो कूगा होत नाही. बाकीची माणसं त्याची आठवण काढत हिंडतात आणि तो दूर समुद्रकिनाऱ्यावर मुलांना हसवताना दिसतो. खेळणी विकायच्या मालिकेत शेवटचा आठवडा असा रिकामा सोडायला छाती लागते. तुम्ही ती दाखवली होती.

हिरोने हिरोला मारण्याविषयीही बोलायला हवं, कारण माझ्या भाच्याच्या वयाची मुलं आता त्यासाठीच बघतात. कोण कुणाला हरवेल, कुणाचा पट्टा भारी. २००२ च्या 'र्‍युकी'त तेरा रायडर एकमेकांना मारतात, शेवटी उरेल त्याची इच्छा पुरी होणार. मला ती मालिका वाईट वाटत नाही. तिचा नायक शिंजी किदो सगळ्यांना थांबवायला धडपडतो आणि अखेरीच्या आदल्या भागात एका अनोळखी लहान मुलीला वाचवताना मरतो. पण त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर जो खास भाग केला, त्यात शेवट प्रेक्षकांवर सोडला होता. फोन करून सांगा, लढाई थांबवायची की चालू ठेवायची. लोकांनी चालू ठेवा म्हटलं. याचा दोष मी प्रेक्षकांना देत नाही. वर्षभर ज्याची गोडी लावली तेच त्यांनी मागितलं. पण शिंजीने जिवाच्या आकांताने जे मागितलं होतं, ते मतदानाला टाकायची गोष्ट होती का, हे मला तुम्हाला विचारायचंय.

तशीच २००४ ची 'देकारेंजर'. अंतराळातले पोलीस. गुन्हेगाराला गाठलं की परवाना पुढे धरतात, दूरच्या आकाशगंगेतल्या न्यायालयाकडून मिनिटभरात निकाल येतो, फुली आली की ठार करायची परवानगी. त्याला शब्द 'डिलीट'. फोनमधला फोटो पुसावा तसा जीव पुसायचा. बचावाला कुणी उभं राहत नाही. अमेरिकेने २००५ मध्ये याच मालिकेवरून 'पॉवर रेंजर्स' बनवली, तेव्हा तिथे गुन्हेगाराला कार्डात कोंडून तुरुंगात टाकायची युक्ती केली. तीही पळवाटच, मान्य. पण कार्डातल्या माणसाची उद्या कुणी चौकशी करू शकतं. तुमच्या इतर पुष्कळ मालिकांत राक्षस म्हणजे वाईट शक्ती असते आणि तिच्याशी युद्ध असतं. इथे समोर आरोपी होता. पोलिसाच्या हाती निकाल आणि शिक्षा दोन्ही देऊन त्याला टाळ्या मिळवून देणं मुलांच्या कार्यक्रमात मला मान्य नाही, आणि हे मी गुळमुळीत बोलणार नाही.

मोठ्यांसाठी केलेल्या मालिकांना मी यात ओढत नाही. २०१६ ची 'कामेन रायडर अमेझॉन्स' रक्ताने माखलेली आहे, पण ती रविवार सकाळच्या मुलांसाठी नव्हती, आणि खाणं-मारणं-जगणं यांच्याविषयी ती खरं बोलते.

राक्षसाच्या आत माणूस असतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? १९५४ च्या गोजिराच्या, म्हणजे गॉडझिलाच्या, जड पोशाखात हारुओ नाकाजिमा होते, आणि पुढे 'अल्ट्रामॅन'मधल्या राक्षसांच्या पोशाखांतही. आत उकाडा, श्वास कोंडलेला, दिसत नाही, आणि बाहेरून मार. तुमच्या चित्रीकरणात ज्याला फुटायचं असतं, त्याला दृश्य झाल्यावर तुम्हीच धावत जाऊन मागची चेन उघडत असाल, पाणी देत असाल. तो एक क्षण पडद्यावर कुठे येत नाही. १९७१ च्या पहिल्या कामेन रायडरचा पाया तर हाच होता. शोतारो इशिनोमोरींचा हिरो शत्रूनेच शस्त्रक्रिया करून घडवलेला, आणि समोरचे राक्षसही तसेच घडवलेले. दोघांत फरक एवढाच की याची सुटका वेळेत झाली. २०१३ च्या 'कामेन रायडर गाइम'मध्ये नायक कोउताला कळतं की आपण अगदी सुरुवातीला ज्याला मारलं तो आपला हरवलेला मित्र होता. तो सगळ्यात पहिला वार किती आनंदात केला होता हे आठवून माझे हात गार पडले होते.

आता मला ज्या भागाविषयी बोलायचंय तो १९७१ च्या 'रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन'मधला तेहेतिसावा. शोझो उएहारांनी लिहिलेला. उएहारा जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचे. 'अल्ट्रासेव्हन'मध्ये नॉनमाल्टांची गोष्ट लिहिणारे तेत्सुओ किंजोही ओकिनावाचेच. त्या गोष्टीत पृथ्वीचे मूळ रहिवासी समुद्राच्या तळाशी राहत असतात आणि माणसं त्यांचं शहर उद्ध्वस्त करून समुद्रही आता आमचा म्हणून जल्लोष करतात. १९४५ च्या लढाईत ज्यांचं बेट भाजून निघालं, त्यांच्या लेखणीतून हे आलं याचं मला नवल वाटत नाही.

उएहारांच्या भागात नदीकाठी एक मुलगा राहतो, र्‍यो. दूर होक्काइदोहून आलेला, बाप कामाच्या शोधात गेला तो परतला नाही. र्‍यो रोज जमीन खणतो. गावात अफवा की हा परग्रहावरचा आहे. मोठी पोरं त्याला गळ्यापर्यंत मातीत पुरतात, डोक्यावर गढूळ पाणी ओततात, कुत्रं सोडतात. पावाचा दुकानदार त्याला पाव देत नाही. दुकानातली मुलगी मागून छत्री घेऊन धावत येते आणि पाव देते. कीव नको म्हणाल्यावर ती सांगते, कीव नाही, आमचं पावाचंच दुकान आहे. खरा परग्रहवासी आहे तो र्‍योला सांभाळणारा आजारी म्हातारा, कानेयामा नावाने राहणारा. पृथ्वीची हवा त्याला सोसत नाहीये. त्याचंच पुरलेलं यान र्‍यो शोधतोय. जमाव येतो, मुलाला ओढत नेतो, तेव्हा म्हातारा बाहेर येऊन ओरडतो की परका मी आहे, पोराला सोडा. गोळी सुटते, म्हातारा पडतो. त्याने आपल्या शक्तीने डांबून ठेवलेला राक्षस मोकळा होतो, आणि ज्या लोकांनी म्हाताऱ्याला मारलं तेच लोक हिरोकडे धावतात, मार त्याला, लवकर मार.

आणि हिरो उठत नाही. पावसात तसाच बसून राहतो. माझ्या माहितीत तुमच्या साठ वर्षांच्या कामातला सगळ्यात मोठा क्षण तो आहे. शेवटी तो उठतो, लढतो, राक्षस मरतो, पण त्या लढाईत जिंकल्यासारखं काही नाही.

१९२३ च्या भूकंपानंतर टोकियोच्या परिसरात अफवांवरून कोरियन माणसांची कत्तल झाली होती, तिची सावली या भागावर पडलेली दिसते. माझ्यावर मात्र दुसरी सावली पडली. १ जुलै २०१८ ला आमच्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. मारणाऱ्यांना आपण राक्षस मारतोय असंच वाटत असणार. ती अफवा फोनवरून फिरली होती. त्या पाचांना कुणी विचारलं नाही, तुम्ही कुठले, तुमचं घरी कोण.

तो बीडचा मुलगा टेबलापाशी उभा होता, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हे सगळं एकदम आलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला र्‍योची गोष्ट सांगितली. भाग दाखवला नाही, आठ वर्षांच्या मुलांना तो झेपणार नाही. फळ्यावर नदी काढली, झोपडी काढली, खड्डा काढला. पोरं गप्प. खेळात रोज पहिला हिरो होणाऱ्या मुलाने शेवटी विचारलं, "बाई, मग हिरोनं त्या माणसांना का नाही मारलं?" मी त्याला उत्तर दिलं नाही, घरी जाऊन विचार कर म्हणाले. बीडच्या मुलाने एवढंच विचारलं की ती पाववाली पोरगी पुन्हा आली का. त्या आठवड्यात फायनलचा खेळ बंद पडला नाही. पण राक्षस व्हायला चिठ्ठ्या टाकायला लागले. मार्चअखेरीस कारखाना बंद झाला, कोप्या मोडल्या, तो गेला.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. स्फोटानंतर कॅमेरा तिथेच थोडा थांबू द्या. हिरोला पाठ फिरवून निघून जायला लावू नका, त्याला वळून बघू द्या. कधीतरी राख उचलू द्या. २००१ मध्ये तुम्ही 'अल्ट्रामॅन कॉसमॉस' केलात, राक्षसांना मारण्याऐवजी शांत करणारा, आणि तो पासष्ट भाग चालला. तेव्हा असं काही चालत नाही, असं मला कुणी सांगू नये. ज्या मालिकेत पट्टा विकायचाय तिथे पट्टा विका, माझी हरकत नाही, पण त्या पट्ट्याने मारलेला कोण होता हे मुलाला कळू द्या.

आणि दुसरं. तुमच्या यूट्यूब वाहिन्यांवरून लढाया आमच्या गावापर्यंत पोहोचतात, कारण लढाईला भाषा लागत नाही. जमिला, सीबोझू, र्‍यो पोहोचत नाहीत, कारण त्यांना भाषा लागते. या जुन्या निवडक भागांना भारतीय भाषांत उपशीर्षकं द्या. मराठी जमली तर फार बरं, हिंदी तरी द्या. सुरुवात सीबोझूपासून करा, तो तिसरीच्या मुलांना दाखवता येईल. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर मी मराठी करून देईन, पैसे नकोत. आमच्या शाळेत एक प्रोजेक्टर आहे आणि तो चालतो.

दिवाळीनंतर टोळ्या परत येतील. तोच मुलगा येईल की नाही सांगता येत नाही, मुकादम दरवर्षी कारखाना बदलतो. पण कुणीतरी येईलच. तोवर झालं तर बघा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा कोल्हापूर